कार्ड विमा कंपनीचे, पैसा नोकरीच्या कंपनीचा

वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील आरोग्य योजना

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या, किंवा ज्यांची मुले तिकडे आहेत अशा वाचकांची आरोग्य विम्याविषयीची पत्रे या सदराकडे नेहमी येतात. या वेळी निवडलेल्या पत्रांतील अडचणी वरवर वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. खिशातल्या कार्डावर ज्या विमा कंपनीचे नाव आहे, तिने विमा दिलेलाच नाही. उपचारांचे पैसे नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या तिजोरीतून भरते. अशा योजनेला तिथे सेल्फ-फंडेड किंवा सेल्फ-इन्शुअर्ड म्हणतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आयव्हीएफचा खर्च विम्यातून मिळालाच पाहिजे असा या राज्याचा कायदा आहे, असे आम्हाला क्लिनिकमध्ये सांगण्यात आले. आमचे कार्ड नामांकित विमा कंपनीचे आहे आणि पतीच्या कंपनीत काही हजार लोक काम करतात. तरीही ‘आपल्या योजनेत हा लाभ नाही’ असे पत्र आले. कायदा असताना विमा कंपनी नाही कशी म्हणू शकते? राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करावी का?

उत्तर : आपल्याला क्लिनिकमध्ये सांगितले ते चूक नाही, पण अर्धे आहे. न्यू जर्सीत २००१ पासून असा कायदा आहे की पन्नासपेक्षा जास्त कर्मचाऱ्यांच्या गटाला विकल्या जाणाऱ्या आरोग्य पॉलिसीत वंध्यत्वावरील उपचार, स्त्रीबीज काढण्याच्या चार प्रक्रियांपर्यंतच्या आयव्हीएफसह, समाविष्ट असले पाहिजेत. अडचण अशी, की आपल्या पतीच्या कंपनीने बहुधा पॉलिसी विकत घेतलेलीच नाही.

पॉलिसी विकत घेतली असती, तर कंपनीने दर कर्मचाऱ्यामागे ठरलेला हप्ता विमा कंपनीला दिला असता आणि जोखीम विमा कंपनीच्या अंगावर गेली असती. वर्षात आजारपणे कमी झाली तर उरलेला पैसा तिचा, जास्त झाली तर तोटाही तिचा. सेल्फ-फंडेड योजनेत ही जोखीम नोकरी देणारी कंपनी स्वतःकडे ठेवते. विमा कंपनी फक्त दरमहा दरडोई शुल्क घेऊन व्यवस्था पाहते : आपले डॉक्टरांचे आणि हॉस्पिटलांचे नेटवर्क वापरायला देते, त्यांच्याशी ठरवलेले दर लावते, क्लेम तपासते, मंजूर किंवा नामंजूर करते आणि बिल चुकते करते ते नोकरीच्या कंपनीच्या पैशांतून. पगारातून दर पंधरवड्याला कापली जाणारी रक्कमही विमा कंपनीचा हप्ता नसून याच खर्चातला कर्मचाऱ्याचा वाटा असतो. कार्ड, ॲप, फोनवर बोलणारी माणसे हे सारे विमा कंपनीचेच असल्यामुळे फरक सदस्याच्या लक्षात येत नाही, आणि तो कळतो तेव्हा बहुधा एखादा मोठा क्लेम अडलेला असतो.

हा प्रकार तुरळक आहे असे समजू नये. अमेरिकेत नोकरीमार्फत आरोग्य संरक्षण मिळणाऱ्या कामगारांपैकी सुमारे दोन तृतीयांश आज अशाच योजनांत आहेत, आणि दोनशे किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते. कंपन्यांना यात फायदे आहेत. विमा कंपनीचा नफा द्यावा लागत नाही, विम्याच्या हप्त्यावर राज्ये घेतात तो कर वाचतो, पैसा खर्च होईपर्यंत आपल्याच हाती राहतो. पण सर्वांत मोठा फायदा कायद्याचा आहे, आणि आपले उत्तर त्यातच दडलेले आहे.

डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकर या मोटार कंपनीने इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड येथील कारखाना बंद केला, तेव्हा हजारो कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा मोठा भाग बुडाला. त्या धक्क्यातून जी चर्चा सुरू झाली तिची परिणती २ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्यात झाली. त्याला सगळे एरिसा म्हणतात. कायद्याचा रोख पेन्शनवर होता, तरी नोकरीतल्या आरोग्य योजनाही त्याच्या कक्षेत आल्या आणि त्याचे कलम ५१४ त्यांच्यासाठी निर्णायक ठरले. हे कलम तीन पायऱ्यांनी चालते. कर्मचाऱ्यांच्या लाभ योजनांना राज्यांचे कायदे लागू होणार नाहीत, ही पहिली पायरी. मात्र विम्याचे नियमन करणारे राज्यांचे कायदे टिकून राहतील, ही दुसरी. आणि नोकरी देणाऱ्याची स्वतःची योजना म्हणजे विमा कंपनी आहे असे राज्यांनी मानायचे नाही, ही तिसरी. परिणामी राज्य विकत घेतलेल्या पॉलिसीत काय असावे ते ठरवू शकते, पण त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कंपनीच्या सेल्फ-फंडेड योजनेला हात लावू शकत नाही. १९८५ मध्ये पॉलिसीत मानसिक आजारांवरील उपचार असलेच पाहिजेत या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सक्तीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा या भेदाची न्यायालयाला जाणीव होती. पण तो अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) कायद्यातच केलेला भेद आहे, असे म्हणून न्यायालयाने तो कायम ठेवला. एकाच राज्यात राहणाऱ्या, सारखाच आजार असलेल्या दोन कुटुंबांना केवळ मालकाच्या हिशेबाच्या पद्धतीमुळे वेगवेगळा न्याय मिळावा हे मला पटत नाही, पण आजचा कायदा तसा आहे.

म्हणून राज्याच्या विमा खात्याकडे जाण्यात वेळ घालवण्याआधी योजनेचा प्रकार नक्की करून घ्या. एचआरकडे लेखी विचारा, ‘आपली योजना फुली इन्शुअर्ड आहे की सेल्फ-फंडेड?’ आणि समरी प्लॅन डिस्क्रिप्शन मागून घ्या. शंभर-दीडशे पानांच्या या दस्तऐवजात, बहुधा शेवटच्या भागात, योजनेचा निधी कुठून येतो ते लिहिलेले असते. ‘लाभ कंपनीच्या सर्वसाधारण मालमत्तेतून दिले जातात आणि अमुक विमा कंपनी केवळ प्रशासकीय सेवा देते’ अशा अर्थाचे वाक्य सापडले की शंका संपली. लेखी मागणीनंतर ३० दिवसांत हे कागद दिले नाहीत, तर न्यायालय योजनेच्या प्रशासकाला दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड करू शकते. योजना विकत घेतलेली निघाली, तर पॉलिसी कोणत्या राज्यात काढलेली आहे तेही पाहा. मुख्यालय दुसऱ्या राज्यात असेल तर पॉलिसीही तिथली असू शकते आणि मग न्यू जर्सीचा कायदा तिला लागू होईलच असे नाही.

सेल्फ-फंडेड निघाली, तर या प्रकरणात अपिलाचा फारसा उपयोग होणार नाही, कारण आपला उपचार अनावश्यक ठरवलेला नसून योजनेत तो लाभच लिहिलेला नाही. पण याची दुसरी बाजू आपल्या उपयोगाची आहे. योजना कंपनीने लिहिलेली आहे, त्यामुळे ती बदलणेही कंपनीच्याच हाती आहे. त्यासाठी कोणत्याही विमा कंपनीच्या किंवा सरकारी खात्याच्या परवानगीची गरज नाही. पुढच्या वर्षाचे लाभ बहुतेक ठिकाणी शरद ऋतूतल्या ओपन एनरोलमेंटच्या, म्हणजे पुढच्या वर्षाची योजना निवडण्याच्या काळाच्या, कितीतरी आधी ठरतात, म्हणून वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच, शक्यतो आणखी काही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, लाभ विभागाला लेखी विनंती करावी. अनेक मोठ्या कंपन्यांनी हा लाभ कायद्याची सक्ती नसताना दिलेला आहे. दरम्यान आपण स्वतः नोकरी करत असाल तर आपल्या कंपनीची योजना तपासा, आणि एचएसए किंवा एफएसए या वैद्यकीय खर्चासाठीच्या खात्यातले करमुक्त पैसे आयव्हीएफसाठी वापरता येतात हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : मी पुण्यात राहणारा निवृत्त बँक कर्मचारी आहे. माझ्या मुलाच्या अमेरिकेतील कंपनीत विमा नाही, कंपनीच खर्च करते, असे त्याच्याकडून कळले. उद्या एखाद्याचे बिल कोटींत गेले तर कंपनी ते भरेल का? आणि आपल्याकडे टीपीए असतात तसेच हे आहे का?

उत्तर : टीपीए हा शब्द तिकडेही आहे, पण त्याचा धनी वेगळा आहे. भारतात विमा नियामकाची नोंदणी असलेला टीपीए विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळतो आणि जोखीम विमा कंपनीची असते. तिकडच्या सेल्फ-फंडेड योजनेत टीपीए नोकरी देणाऱ्या कंपनीसाठी काम करतो. आपल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना मिळणारी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती डोळ्यांसमोर आणली, तर मालक स्वतः खर्च सोसतो म्हणजे काय ते चटकन कळेल.

मोठ्या बिलांची तरतूद स्टॉप-लॉस विम्याने केली जाते. समजा, तीनशे कर्मचाऱ्यांच्या कंपनीने एका माणसामागे एक लाख डॉलरची मर्यादा ठरवली आणि कुणाचे बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मून नवजात अतिदक्षता विभागाचे बिल नऊ लाख झाले, तर पहिले एक लाख कंपनीचे आणि पुढचे आठ लाख स्टॉप-लॉस विमा कंपनीचे. दुसरी मर्यादा सगळ्या क्लेमच्या वार्षिक बेरजेवर असते, बहुधा अपेक्षित खर्चाच्या १२५ टक्क्यांवर. म्हणजे तीस लाख अपेक्षित असतील तर साडेसदतीस लाखांपुढचा भार विमा कंपनी उचलते. हजारो कर्मचारी असलेल्या काही कंपन्या हा विमाही घेत नाहीत, कारण एवढ्या संख्येत खर्चाचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीवरच्या ज्या औषधाला महाराष्ट्रात ‘सोळा कोटींचे इंजेक्शन’ म्हणून ओळखतात, त्या झोल्जेन्स्माची अमेरिकेतील किंमत २०१९ मध्ये २१ लाख २५ हजार डॉलर ठेवली गेली. असे एक बिल मध्यम आकाराच्या कंपनीचे वर्षाचे गणित बिघडवू शकते, आणि म्हणूनच नूतनीकरणाच्या वेळी स्टॉप-लॉस कंपन्या कधी कधी एखाद्या गंभीर रुग्णापुरती मर्यादा एक लाखावरून चार लाखांवर नेतात.

आपल्या चिंतेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की स्टॉप-लॉस विमा नोकरी देणाऱ्या कंपनीला संरक्षण देतो, रुग्णाला नव्हे. स्टॉप-लॉसवाल्याने हात वर केले तरी योजनेत लिहिलेला लाभ देण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्या कंपनीवर राहतेच. शिवाय २०१० च्या आरोग्य कायद्यातील महत्त्वाच्या तरतुदी या योजनांनाही लागू आहेत : योजनेत समाविष्ट असलेल्या अत्यावश्यक लाभांवर वर्षाची किंवा आयुष्यभराची रकमेची कमाल मर्यादा घालता येत नाही, आणि मुले २६ वर्षांची होईपर्यंत योजनेत राहू शकतात. नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांच्या अनपेक्षित बिलांपासून १ जानेवारी २०२२ पासून मिळालेले संरक्षणही यांना लागू आहे. सुस्थितीतल्या मोठ्या कंपनीची सेल्फ-फंडेड योजना कमी दर्जाची असते असे मुळीच नाही; पुष्कळदा ती बाजारातल्या पॉलिसीपेक्षा उदार असते. आपण मात्र मुलाकडे जाल तेव्हा आपल्यासाठी प्रवासी विमा वेगळा काढावा लागेल, कारण आई-वडिलांना अशा योजनेत सहसा घेता येत नाही.

प्रश्न : मी डॅलसजवळ तीस जणांच्या कंपनीत एच-१बी व्हिसावर आहे. यंदा कंपनी ‘लेव्हल-फंडेड’ योजनेत गेली आणि आम्हा सर्वांकडून आजारांची माहिती भरून घेतली गेली. मला मधुमेह आहे. माझे क्लेम मालक पाहू शकतो का? यावरून नोकरी जाऊ शकते का?

उत्तर : लेव्हल-फंडेड योजना ही छोट्या कंपन्यांसाठी बसवलेली सेल्फ-फंडेड योजनाच आहे. कंपनी दरमहा ठरलेली रक्कम भरते; त्यात क्लेमचा निधी, स्टॉप-लॉसचा हप्ता आणि व्यवस्थापनाचे शुल्क असते, आणि वर्षअखेर निधी उरला तर करारानुसार काही भाग परत मिळतो. छोट्या कंपन्यांना विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या पॉलिसीचा दर कर्मचाऱ्यांच्या आजारांवरून ठरवता येत नाही, पण स्टॉप-लॉसला ते बंधन नाही. म्हणून हा फॉर्म. त्या माहितीवरून संपूर्ण गटाचा दर वाढू शकतो. १९९६ च्या हिपा कायद्यामुळे मधुमेह आहे म्हणून एकट्या आपल्याकडून जास्त वर्गणी घेता येत नाही किंवा योजनेत घेण्याचे नाकारता येत नाही. आपल्या टेक्सासमध्ये राज्याच्या देखरेखीखालील विम्याच्या कार्डावर ‘टीडीआय’ किंवा ‘डीओआय’ ही अक्षरे छापलेली असतात. आपल्या नव्या कार्डावर ती नसावीत.

गोपनीयतेबद्दल कायदा स्पष्ट आहे. योजनेकडील वैद्यकीय माहिती योजना चालवण्यासाठी लागेल तेवढ्याच आणि ठरवून दिलेल्या व्यक्तींना पाहता येते, आणि ती नेमणूक, बढती किंवा बडतर्फीसाठी वापरण्यास मनाई आहे. लाभ मिळू नयेत म्हणून कुणाला काढणे हे एरिसाच्या कलम ५१० चे उल्लंघन आहे, आणि अपंगत्वविषयक १९९० चा कायदाही आपल्या बाजूने उभा राहतो. व्यवहार मात्र एवढा स्वच्छ नसतो. तीस माणसांच्या कंपनीत नावे काढून टाकलेल्या अहवालातही कोण आजारी आहे हे ओळखणे अवघड नाही, आणि व्हिसा मालकाच्या हाती असताना ती धास्ती किती खरी असते हे मी समजू शकतो. फॉर्मवर खोटे मात्र लिहू नका, त्याने नवे संकट ओढवेल. फॉर्म एचआरकडे न देता थेट योजनेच्या व्यवस्थापकाकडे भरण्याची सोय आहे का ते विचारा. अनेक ठिकाणी ती असते. आजाराविषयी ऑफिसमध्ये कुणी काही बोलले, तर तारीख आणि शब्द लगेच लिहून ठेवा.

प्रश्न : आमच्या कंपनीत कपात होणार असे ऐकतो. कोब्रा घेतले तर पुरेसे आहे ना?

उत्तर : कंपनी चालू राहणार असेल तर पुरेसे आहे. कोब्रा या कायद्यानुसार वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीतून नोकरी गेल्यास तीच योजना साधारण १८ महिने पुढे चालवता येते, निवड करायला ६० दिवस मिळतात आणि संरक्षण मागील तारखेपासून धरले जाते. खर्च मात्र जबर असतो, कारण कंपनीच्या वाट्यासह पूर्ण खर्च आणि वर दोन टक्के आपल्याला भरावे लागतात. २०२५ मध्ये कुटुंबाच्या योजनेचा सरासरी वार्षिक खर्च सुमारे २७ हजार डॉलर होता, म्हणजे वरचे दोन टक्के धरून महिन्याला सुमारे २,३०० डॉलर. कंपनीच बंद पडली आणि तिची कोणतीही योजना उरली नाही, तर कोब्राही संपते. विमा कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी काही प्रमाणात धावून येतो, सेल्फ-फंडेड योजनेमागे तसा निधी नसतो. न भरलेले क्लेम दिवाळखोरीच्या रांगेत अडकतात आणि हॉस्पिटल बिल आपल्याकडे पाठवू शकते. कंपनी डळमळीत वाटत असेल तर ठरवलेले उपचार लांबवू नका, आणि जोडीदाराच्या योजनेत जायचे असेल तर संरक्षण संपल्यापासून ३० दिवसांत अर्ज करा.

प्रश्न : शिकागोजवळ राहतो. आमच्या सहा वर्षांच्या स्वमग्न मुलासाठी डॉक्टरांनी आठवड्याला ३० तास एबीए ही वर्तनविषयक थेरपी सांगितली. योजना सेल्फ-फंडेड आहे आणि तिच्यात ही थेरपी समाविष्ट आहे, पण ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ म्हणून फक्त १२ तास मंजूर झाले. आता काय करावे?

उत्तर : आपली बाजू एडिसनच्या वाचकांपेक्षा बळकट आहे. लाभ योजनेत आहे आणि वाद वैद्यकीय निर्णयाचा आहे, त्यामुळे अपिलाच्या दोन्ही पायऱ्या आपल्याला खुल्या आहेत.

नकारपत्र मिळाल्यापासून अंतर्गत अपिलासाठी १८० दिवस असतात, पण सुरुवात अपिलाने करू नका. आधी पूर्ण क्लेम फाइल मागवा. ती विनामूल्य द्यावी लागते. १२ तासांचा आकडा कोणत्या निकषावरून आला आणि कोणत्या तज्ज्ञाने तो ठरवला, ते त्या फाइलमध्ये शोधा. त्याबरोबर २००८ च्या मानसिक आरोग्य समानता कायद्याचा आधार घ्या. पन्नासपेक्षा जास्त कर्मचाऱ्यांच्या सेल्फ-फंडेड योजनांना तो लागू आहे, आणि शारीरिक आजारांवरील उपचारांना लावतात त्यापेक्षा कडक मर्यादा मानसिक आणि वर्तनविषयक उपचारांना लावण्यास तो मनाई करतो. योजनेला अशा मर्यादांचे तुलनात्मक विश्लेषण लेखी तयार ठेवावे लागते. ते लेखी मागा.

मग डॉक्टरांकडून पत्र घ्या. ‘३० तास आवश्यक आहेत’ एवढ्या एका ओळीच्या पत्राने काही साधत नाही. मुलाच्या चाचण्यांचे गुण, आजवरची प्रगती, १२ तासांत कोणती उद्दिष्टे गाठता येणार नाहीत आणि योजनेच्याच निकषांतली कोणती अट कशी पूर्ण होते, हे त्यात मुद्द्यागणिक यायला हवे. अपील तपासणारी व्यक्ती आधी नकार देणारी किंवा तिच्या हाताखालची असता कामा नये, आणि तिने त्या विषयाच्या वैद्यकीय तज्ज्ञाचा सल्ला घेतला पाहिजे. थेरपी अजून व्हायची असेल तर अपिलाचा निर्णय साधारण ३० दिवसांत द्यावा लागतो. तोही नकार आला, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून फेरतपासणी मागता येते; ती ४५ दिवसांत निर्णय देते आणि तो योजनेवर बंधनकारक असतो.

अंतर्गत अपिलात काहीही हातचे राखून ठेवू नका. योजनेच्या मसुद्यात प्रशासकाला अर्थ लावण्याचा अधिकार दिलेला असेल, आणि बहुतेक मसुद्यांत तो असतो, तर १९८९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पुढे न्यायाधीश तो निर्णय मनमानी होता का एवढेच सहसा पाहतात. आणि तेही अपिलाच्या फाइलमध्ये असलेल्या कागदांवरूनच. जो अहवाल फाइलमध्ये गेला नाही, तो पुढे कोर्टात विचारात घेतला जाईल अशी आशा ठेवू नये. खटला जिंकला तरी नाकारलेला लाभ आणि कदाचित वकिलाची फी मिळते. मनस्तापाची भरपाई मिळत नाही.

या सगळ्यात मदतीसाठी केंद्रीय कामगार खात्याची एम्प्लॉई बेनिफिट्स सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन ही शाखा आहे. तिचे सल्लागार १-८६६-४४४-३२७२ या क्रमांकावर विनामूल्य बोलतात आणि योग्य वाटल्यास योजनेच्या प्रशासकाशी स्वतः संपर्क साधतात. फोन करताना नकारपत्र, योजनेचे पूर्ण नाव, कंपनीचा ईआयएन (कर खात्याकडील ओळख क्रमांक) आणि योजनेचा तीन आकडी क्रमांक समोर ठेवा. आरोग्य योजनांचे क्रमांक ५०१ पासून सुरू होतात आणि ते समरी प्लॅन डिस्क्रिप्शनमध्ये, निधीची माहिती असते त्याच पानांच्या आसपास, छापलेले असतात.